भुकेचं पेटंट

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट होता स्पॅम मेल ओळखण्याचा. जुन्या इंग्रजी स्पॅम मेलांचे मोठे संच इंटरनेटवर फुकट मिळतात. त्यातले शब्द मोजायचे आणि कोणता शब्द आला की मेल स्पॅम असण्याची शक्यता किती वाढते ते काढायचं. यादीत वर कोण असणार ते आधीच माहीत होतं. व्हायग्रा, रोलेक्स, लॉटरी, कर्ज. पण त्यांच्यामध्ये एक शब्द असा होता, जो आमच्यापैकी कुणीच ऐकला नव्हता. हुडिया.

"हुडी लिहायचं असेल, स्पेलिंग चुकलंय," मित्र म्हणाला. आम्ही हसलो आणि पुढे गेलो. व्हायव्हातही कुणी विचारलं नाही.

तो शब्द परत भेटला काही वर्षांनी, हळदीच्या पेटंटबद्दल वाचताना. तेव्हा कळलं की हुडिया हे आफ्रिकेतल्या वाळवंटातलं एक फुलझाड आहे. आणि ते लोकांच्या इनबॉक्सपर्यंत कसं पोचलं, ही गोष्ट औषधाची कमी आणि मालकीची जास्त आहे.

सडक्या मांसाच्या वासाचं फूल

दक्षिण आफ्रिका, नामिबिया आणि बोट्स्वाना जिथे एकमेकांना भिडतात तो सगळा भाग कोरडा. कालाहारीची तांबडी वाळू, पश्चिमेला नामिबचं वाळवंट, दक्षिणेला कारूचं खडकाळ माळरान. हुडिया गॉर्डोनी या पट्ट्यात उगवते. हिरव्या-करड्या, कंगोऱ्यांच्या, काटेरी दांड्यांचा झुबका, फार तर मीटरभर उंच. फोटो पाहून कुणीही निवडुंगच म्हणेल. पण निवडुंगांचं घराणं मूळचं अमेरिका खंडातलं. हुडियाचं घराणं आपल्या ओळखीचं आहे : रुई, कण्हेर, सदाफुली. सह्याद्रीत पावसाळ्यात हौशी लोक ज्या कंदीलपुष्पांचे फोटो काढत फिरतात, ती तर हिची अगदी जवळची नातलग.

फूल बशीसारखं पसरट, तळहाताएवढं, मांसाच्या रंगाचं. वासही मांसाचाच, तोही सडलेल्या. कारण परागीकरण माश्या करतात, आणि माश्यांना गुलाबाच्या वासाचं काही पडलेलं नसतं. पुढे शिंगांसारख्या जोडशेंगा येतात. त्या फुटल्या की रुईच्या म्हाताऱ्या उडतात तशाच रेशमी झुपक्याच्या बिया वाऱ्यावर जातात.

इथले मूळ रहिवासी म्हणजे सान लोक. जग त्यांना बराच काळ बुशमन म्हणत आलं. 'सान' हेही नाव शेजारच्या खोई पशुपालकांनी दिलेलं आहे, पण त्यातल्या त्यात त्यांच्या संघटनांनी हे स्वीकारलं. त्यांच्या टापूत हुडियाला खोबा म्हणतात. खरं तर त्या शब्दाच्या सुरुवातीला जिभेने टाळूवर वाजवायचा एक 'टक्' असा ध्वनी आहे. तो देवनागरीत लिहिता येत नाही, रोमनमध्येही उद्गारचिन्ह लावून भागवतात.

खोबा खायची रीत सोपी. दांडी कापायची, काटे आणि साल खरवडायची, आतला गर कच्चाच चावायचा. चव कडू. लांबच्या शिकारीला निघालेले लोक दिवसच्या दिवस जनावराचा माग काढत चालतात. जवळ पाणी नसतं, खाणं नसतं. खोब्याचा तुकडा चावला की भूक आणि तहान दोन्ही थोपून राहतात. अपचनावर, पोटातल्या कळांवर आणि बारीकसारीक संसर्गावरही ती वापरात होती. सानच नव्हे, नामासारखे खोई पशुपालकही ती ओळखत. 'ही विद्या कुणाची?' हा प्रश्न म्हणूनच सुरुवातीपासून थोडा गुंतागुंतीचा होता.

नाव कुणाचं लागलं

१७७० च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट जेकब गॉर्डन नावाचा डच सैन्यातला अधिकारी केपहून उत्तरेकडे प्रवास करत होता. तिथल्या मोठ्या नदीला डच राजघराण्यावरून ऑरेंज हे नाव देणारा हाच. त्या भागात त्याला हे झाड दिसलं आणि त्याचं चित्र काढलं गेलं. १७९६ मध्ये फ्रान्सिस मॅसन या वनस्पतिसंग्राहकाने लंडनमध्ये आपल्या ग्रंथात ते छापलं आणि झाडाला गॉर्डनचं नाव दिलं. १८३० मध्ये रॉबर्ट स्वीट याने त्याची वेगळी प्रजाती केली आणि ती व्हॅन हूड नावाच्या, रसाळ झाडं हौसेने वाढवणाऱ्या गृहस्थाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. एका अधिकाऱ्याचं नाव आणि एका बागहौशी माणसाचं नाव मिळून झालं हुडिया गॉर्डोनी. खोबा कुठेच नाही.

यात विशेष वाईट हेतू होता असं नाही, तेव्हाची पद्धतच ती होती. पण कागदावर जे चढलं तेच पुढे खरं धरलं गेलं. पुढची सगळी भानगड या एका वाक्यात आहे.

खाण्याचा उपयोगही पुढे कागदावर आला. रुडॉल्फ मारलोथ या वनस्पतिशास्त्रज्ञाने दक्षिण आफ्रिकेच्या वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या १९३२ च्या खंडात हुडियाच्याच एका बहिणीबद्दल त्याने नोंद केली : स्थानिक लोक हिचा पाणीदार गर खाऊन भूक आणि तहान भागवतात. त्या लोकांची नावं काय, हे त्यात नाही.

दोन सीएसआयआर

१९६३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सीएसआयआरने, म्हणजे सरकारी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, देशातल्या खाण्याजोग्या रानवनस्पतींचा अभ्यास हाती घेतला. तो काळ वर्णभेदाच्या राजवटीचा. अभ्यासाला कोणत्या वनस्पती घ्यायच्या हे ठरवताना अशाच जुन्या नोंदी चाळल्या गेल्या आणि हुडिया यादीत आली. अर्क दिलेले प्राणी कमी खाऊ लागले आणि त्यांचं वजन उतरलं. नेमका कोणता रेणू हे करतो ते शोधायची उपकरणं तेव्हा नव्हती, ती १९८० च्या दशकात आली. मग रेणू सापडला, आणि १९९५ मध्ये सीएसआयआरने पेटंटसाठी अर्ज केला. सान लोकांना विचारलं नाही. कळवलंही नाही.

झाडावर पेटंट मिळत नाही. पण झाडातून वेगळा काढलेला अर्क, तो काढायची रीत आणि भूक कमी करण्यासाठी त्याचा वापर, यांवर मिळतं. पुढच्या दोनतीन वर्षांत हे हक्क फायटोफार्म या ब्रिटिश कंपनीकडे परवान्याने गेले. तिने रेणूला पी-५७ असं नाव दिलं आणि १९९८ मध्ये फायझरला भागीदार करून घेतलं. गॉर्डन गेला, हूड गेला, आता नाव एखाद्या आवृत्तीच्या क्रमांकासारखं झालं.

इथेच मला हळद आठवते. त्याच १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं होतं. त्याविरुद्ध लढली भारताची सीएसआयआर. नाव तेच, उद्दिष्टं साधारण तीच, दोन्ही ब्रिटिश साम्राज्याच्या अखेरच्या वर्षांतल्या संस्था : आपली १९४२ ची, त्यांची १९४५ ची. आपल्या संस्थेचे तेव्हाचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्यातल्या माशेलात जन्मलेले, मुंबईत वाढलेले आणि त्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक राहिलेले. सीएसआयआरने पेटंट कार्यालयापुढे ३२ संदर्भ ठेवले. संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथ, आणि १९५३ सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला एक लेख. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं.

शाळेत असताना हा किस्सा आम्हाला विजयाची गोष्ट म्हणून सांगितला होता, आणि तो विजय होताच. पण जिंकलो कशामुळे? तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात परदेशातली जुनी माहिती धरायची तर ती कुठेतरी छापलेली असावी लागे. परदेशात लोक एखादी गोष्ट नुसती करत असतील, पिढ्यान्‌पिढ्या करत असतील, तर ती जमेस धरत नसत. हळद वाचली, कारण हळद लिहिलेली होती. तुमच्या-माझ्या आजीने गुडघा फुटल्यावर हळद दाबली होती, याची किंमत त्या टेबलावर शून्य होती.

सान लोकांकडे सुश्रुत नव्हता, १९५३ चा लेख नव्हता. त्यांच्याकडे खोबा चावणारी माणसं होती.

'ते लोक आता नाहीत'

जून २००१ मध्ये ब्रिटनच्या 'ऑब्झर्व्हर' वृत्तपत्राने ही गोष्ट छापली. ज्यांच्याकडून हे ज्ञान आलं त्यांचं काय, असं विचारल्यावर फायटोफार्मच्या प्रमुखाचं उत्तर होतं की ते लोक नामशेष झाले अशी आपली समजूत होती. त्या वेळी दक्षिण आफ्रिका खंडभागात सान लोकांची संख्या एक लाखाच्या घरात होती. सीएसआयआरचं म्हणणं वेगळं होतं : औषध चालेल याची खात्री होईपर्यंत लोकांच्या अपेक्षा उगाच वाढवायच्या नव्हत्या.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे दुसऱ्याचा कोड वापरायचा तर त्याची परवान्याची फाईल बघावी लागते. ती नसली तर नवशिक्याला वाटतं की हा कोड कुणाचाच नाही, घ्या. खरं तर नियम उलटा आहे. परवाना लिहिलेला नसेल तर हात लावायचा नाही, आधी मालकाला गाठायचं. खोब्यावर परवाना लिहिलेला नव्हता. तीसेक वर्षं शिकल्यासवरल्या माणसांनी त्याचा अर्थ 'घ्या' असा लावला. मालक तर बातमी आली तेव्हाही तिथेच होते. १९९९ मध्ये कालाहारीतल्या खोमानी सान समाजाला जमिनीचा दावा जिंकून सुमारे ४०,००० हेक्टर जमीन परत मिळाली होती. तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष थाबो एम्बेकींनी ती सुपूर्त केली होती. देशभर बातमी झाली होती.

भागातला भाग

सान संघटनांनी वकील गाठला, सान परिषद स्थापन केली. दोन वाटा होत्या. एक हळदीची : पेटंटलाच आव्हान द्यायचं. पण ते जिंकून काय झालं असतं? पेटंट गेलं असतं, कंपन्या गेल्या असत्या किंवा फुकटात झाड वापरत राहिल्या असत्या, आणि हातात काही आलं नसतं. दुसरी वाट तडजोडीची : पेटंट राहू द्या, पण आमचा वाटा द्या.

त्यांनी दुसरी निवडली. २४ मार्च २००३ रोजी कालाहारीतल्या आंद्रीसवेल इथे करारावर सह्या झाल्या. संशोधनाचे टप्पे पार पडताना सीएसआयआरला जे पैसे मिळतील त्यातले ८ टक्के, आणि विक्री सुरू झाल्यावर रॉयल्टीतले ६ टक्के सान लोकांना.

आकडे वाचून बरं वाटतं, म्हणून नीट वाचायला हवेत. ६ टक्के विक्रीचे नव्हेत, सीएसआयआरला मिळणाऱ्या रॉयल्टीचे. ती रॉयल्टी म्हणजे फायटोफार्मच्या मिळकतीचा तुकडा, आणि ती मिळकत म्हणजे मोठ्या कंपनीच्या विक्रीचा तुकडा. डब्यातल्या गोळीच्या किमतीतून कालाहारीपर्यंत पोचणार ते पैसे चिल्लरच होते. तरी जगभर या कराराची चर्चा झाली. तोंडी ज्ञानालाही मालक असतो, हे एका सरकारी संस्थेने सही करून कबूल केलं होतं.

आणि मग चार महिन्यांत फायझरने अंग काढून घेतलं.

उतरती कळा

२००४ च्या डिसेंबरात युनिलिव्हर आली. तिला गोळी नको होती, पेय हवं होतं, वजन कमी करू पाहणाऱ्यांनी जेवणाऐवजी घ्यायचं. त्याच सुमारास अमेरिकी टीव्हीवर हुडियाचं कौतुक झालं आणि बाजार उसळला. कोणत्याही करारात नसलेल्या शेकडो विक्रेत्यांनी कॅप्सूल विकायला काढल्या. कित्येकांत हुडिया नव्हतीच. आमच्या प्रोजेक्टच्या यादीतला शब्द आला तो इथून. ज्यांच्या कॅप्सूलमध्ये ती खरोखर होती, त्यांच्यासाठी वाळवंटातली झाडं बेसुमार तोडली जात होती. संथ वाढणारं झाड ते. २००४ मध्येच वन्यजीवव्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात हुडियाचा समावेश करून निर्यातीला परवाना सक्तीचा करावा लागला.

नोव्हेंबर २००८ मध्ये युनिलिव्हरनेही काम थांबवलं. सुरक्षितता आणि परिणाम, दोन्हींची खात्री पटेना. का, ते २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीतून दिसलं. वजन जास्त असलेल्या ४९ निरोगी स्त्रियांना १५ दिवस हुडियाचा शुद्ध अर्क किंवा नुसतं बिनऔषधी पेय दिलं. दोन्ही गटांच्या खाण्यात आणि वजनात दखल घ्यावी असा फरक पडला नाही. उलट हुडिया घेणाऱ्यांना मळमळ, उलट्या, त्वचेवर विचित्र संवेदना असे त्रास झाले, रक्तदाब आणि नाडीचे ठोके वाढले.

म्हणजे सान लोकांचं सगळं खोटं होतं? मला तसं वाटत नाही. मैलोन्‌मैल चालणारा, दोन दिवस न जेवलेला शिकारी ताजा, कडू, पाणीदार गर चावतो, गावी पोचल्यावर थांबतो. ही एक गोष्ट. भरल्या घरात बसलेल्या माणसाने त्याच गरातून वेगळा काढलेला अर्क रोज दोनदा, पंधरा दिवस घेणं ही निराळीच गोष्ट. चाचणी झाली ती दुसऱ्या गोष्टीची. खोबा भूक कायमची मारत नव्हती, शिकार मिळेपर्यंत तिला थांबवून धरत होती. रेणू वेगळा काढताना शिकार मागे राहिली.

सान लोकांच्या पदरात टप्प्यांचे मिळून काही लाख रँड पडले. रॉयल्टी एक पैसाही नाही, कारण विकायला काही आलंच नाही. ६ टक्के गुणिले शून्य.

मागे राहिलं ते वेगळंच. वाटाघाटी करायला शिकलेली परिषद राहिली. २०१७ मध्ये सान लोकांनी स्वतःची संशोधन आचारसंहिता जाहीर केली. आमच्यावर अभ्यास करायला येणाऱ्यांनी आदर, प्रामाणिकपणा, न्याय आणि काळजी या गोष्टी पाळाव्यात, आणि कामाला सुरुवात करण्याआधी आमच्याकडे यावं, असं तिचं सांगणं. २०१९ मध्ये रॉयबोस चहाच्या उद्योगाशी सान आणि खोई समाजांचा करार झाला : शेतावरच्या भावाच्या १.५ टक्के. ही टक्केवारी मालाच्या भावावर आहे, भागातल्या भागावर नाही. हुडियाच्या करारातून ते काय शिकले ते त्या एका फरकात दिसतं.

माकडशिंग

हे सगळं वाचताना हुडियाच्या नातलगांची यादी समोर आली आणि त्यात आपल्याकडचं एक नाव दिसलं, कॅरालुमा. कोरड्या डोंगरउतारावर दगडांच्या फटीत उगवणारी, चौकोनी दांड्यांची, बारीक जांभळट फुलांची. काही भागांत तिला माकडशिंग म्हणतात. दुष्काळात लोक ती खात, असं लिहिलेलं होतं. आणि हिचेही अर्क भूक कमी करायच्या कॅप्सूलमधून परदेशात विकले जातात.

माझं आजोळ साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं. आजीला फोटो दाखवला. तिने मोबाईल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"ही तर माकडशिंग. तुला गं कशाला पायजे?"

मग बहात्तरचं सगळं निघालं. खडी फोडायचं काम, सुकडी, लाल मिलोची भाकरी. सकाळी कामावर जाताना डोंगराच्या कडेने जायचं आणि दांड्या मोडून ओच्यात घ्यायच्या. "मिठासंगं खायची. कडू लागती. पन खाल्ली की दुपारपातूर पोटात आग पडत न्हवती." मी मोबाईलवर रेकॉर्ड करत होते. अकरा मिनिटं.

मी तिला कॅप्सूलचं सांगितलं. तिला आधी कळेना.

"म्हंजी भूक मरावी म्हून पैसं देत्यात?"

"हो."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "आमाला फुकट मिळायची."

रेकॉर्डिंग बंद केल्यावर लक्षात आलं की सान लोकांची आचारसंहिता वाचून भारावलेल्या मी, आजीला आधी विचारलंच नव्हतं. म्हणून विचारलं. आजी, हे लिहू का?

"लिही की. माझं काय जातंय." आणि मी उठताना, "पन डोंगराचं नाव नगं लिहूस. तितं आता लई थोडी ऱ्हायलीय."

म्हणून ते लिहिलेलं नाही.